सप्टेंबरची शाळा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा तीन कोस लांब होती आणि घरात म्हशी होत्या, एवढंच कारण. अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात मुलगा आणि सून विचारत होते की आबा, तुम्हाला काय वाटतं, कुठली शाळा चांगली. शाळा तरी कुठल्या, तर एक दुबईची आणि एक शारजाची. मी दोन्ही गावं पाहिलेली नाहीत. विमानसुद्धा खालूनच पाहिलंय.

मला विचारायचं कारण असं, की जिच्यासाठी शाळा बघत होते ती माझ्याजवळ होती. मुलाची मुलगी, सात वर्षांची. मुलगा दुबईत एका मोठ्या गोडाउनात सुपरवायझर आहे, सून तिकडच्याच हॉस्पिटलात नर्स आहे. राहायला शारजात, कारण तिथं भाडं कमी. पोरगी झाली तेव्हा त्यांचं घर दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर अर्धं-अर्धं होतं आणि दोघांच्या ड्युट्या उलटसुलट. अंगावरचं दूध सुटलं तशी तिला इथं खांदेश्वरला आणून आमच्याजवळ ठेवली. जरा जम बसला की नेतो म्हणाले. जम बसला, त्यांचं वेगळं घर झालं, पण तोवर पोरगी आमची झाली होती. बाप जिला आई म्हणतो तिला तीही आईच म्हणायला लागली. जन्म दिला ती मम्मी. असं पुष्कळ घरांत असतं, आम्ही कधी टोकलं नाही. सून रजेवर आली की हसून म्हणायची, मी आपली वर्षाची पाहुणी मम्मी. हसायची, पण तोंडापुरतं.

दिवाळी झाली आणि बायको गेली. ताप आला, गोळ्या आणल्या, ताप हटेना, ॲडमिट केली, आणि तिथून ती पायांनी घरी आली नाही. याच्याहून जास्त मला लिहायचं नाही.

आमच्याकडं नवऱ्याआधी बाई गेली की म्हणतात, सोनं झालं. हिरवी साडी, कपाळभर कुंकू, हातभर चुडा. बाया रडता रडता तिचा हेवा करत होत्या. एक जण मलाच सांगायला लागली, भाग्याची हो, भरल्या कपाळानं गेली. मी तिला म्हटलं, तिचं सोनं झालं आणि माझी माती झाली, ती कुठं टाकू ते सांग. ती बाई परत आमच्या दारात आली नाही. बरं झालं.

मुलगा आला, दहाव्याला त्यानं आणि मी केस काढले. घाटावरून घरी आलो तर पोरगी आमच्या डोक्यांकडं बघत राहिली. का काढले, विचारलं. बाप म्हणाला, आई गेली ना, म्हणून.

"मग माझे?"

पोरी काढत नाहीत, त्यानं सांगितलं. तिला पटलं नाही. आई तिचीही होती. ती आतल्या खोलीत गेली आणि जेवायला उठवलं तरी आली नाही. पाहुण्यांच्या गडबडीत तिच्याकडं कोण बघतो.

तेरावं उरकल्यावर मुलानं विषय काढला, पोरीला आता न्यावं लागेल. मी म्हटलं, नेशील की. नको कुठल्या तोंडानं म्हणणार? सत्तरी ओलांडलेला गडी, जन्मभर मार्केटात पाठीवर कांद्या-बटाट्याची पोती वाहिलेली, गुडघे खिळखिळे, भात लावला तर खाली करपतो. न्यायची ते ठरलंच होतं. कधी न्यायची, ते मात्र शाळेवर होतं.

मुलगा फोनवर मला समजावून सांगायचा. शारजा आणि दुबई म्हणजे आपलं वाशी आणि ठाणं समजा आबा. एकमेकांना चिकटलेली शहरं. माणसं एकीकडं राहतात, कामाला दुसरीकडं जातात आणि मधल्या रस्त्यावर म्हातारी होतात. परदेशातून आलेली जेवढी घरं आहेत तेवढ्यांपुढं हाच पेच असतो, पोर घराजवळच्या शाळेत घालायचं की शेजारच्या शहरातल्या मोठ्या शाळेत. शारजाची शाळा आपल्या इकडच्यासारखीच, आपलाच अभ्यास, वर्गात निम्मी पोरं केरळची, चारदोन मराठी. घरातून शाळेचं फाटक दिसतं. दुबईची शाळा इंटरनॅशनल. गोरी हेडबाई, पोहायचा हौद, गवताचं मैदान, वर्गात पोरं मोजकी. बसनं जायला तास-दीड तास, तोही रस्ता मोकळा असला तर. तिकडं राहणाऱ्या मराठी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. ज्यांची पोरं शारजाच्या शाळेत ते म्हणत, संस्कार राहतात. ज्यांची दुबईच्या शाळेत ते म्हणत, संस्कार घरी द्या, इंग्रजी कोण देणार?

मला त्या सगळ्यातलं एकच कळलं. शारजाची शाळा एप्रिलला सुरू होते, कारण आपल्या पद्धतीची. दुबईची सप्टेंबरला, उन्हाळा ओसरायला लागला की. म्हणजे एप्रिलची धरली तर होळी झाली की पोरगी जाणार. सप्टेंबरची धरली तर आंबे खाऊन जाणार, आषाढ-श्रावण इथं काढणार, जमलंच तर गणपती बघून जाणार. मी त्या दिवसापासून सप्टेंबरच्या शाळेचा माणूस झालो.

मुलगा म्हणाला, "आबा, रोज दोन-तीन तास बसमध्ये जातील तिचे."

"बसूनच जायचंय ना? उभं तर नाही राहायचं?"

मागून सून हसली. मग मी हौदाचं काढलं. पोहता आलं पाहिजे पोरीला, तुझ्या बापाला मी विहिरीत ढकलला तेव्हा तो शिकला, असं पोरीला सांगता सांगता त्यांना ऐकवलं. मग मैदानाचं. मग एकदा म्हटलं, गोऱ्या बाया मारत नाहीत म्हणे. सून म्हणाली, "आबा, तुम्ही त्या शाळेचे दलाल झालात की काय? टक्का किती ठरलाय?" मार्केटातला शब्द माझ्यावरच फेकला तिनं. मीही म्हटलं, सौदा होऊ दे, मग सांगतो. हसलो सगळे. बायको गेल्यापासून घरात हसणं तेवढंच.

तिला माझा डाव कळला होता. एकदा मुलगा ड्युटीवर असताना तिनं सरळ विचारलं, सप्टेंबरपर्यंत झेपेल का तुम्हाला. मी म्हटलं, झेपवीन. तिचाही ओढा दुबईच्याच शाळेकडं होता, कारण तिच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांची पोरं तिथं जातात, आणि आपण रात्रपाळ्या करायच्या त्या कशासाठी, असं तिचं म्हणणं. तर आमची दोघांची गाडी एकाच रस्त्याला होती, कारणं वेगवेगळी. फेब्रुवारीत त्या शाळेची मुलाखत ठरली. आधी पडद्यावर बोलतील, पोरगी आवडली तर जागा धरून ठेवतील.

माझं इकडं काय चाललं होतं ते सांगतो. सकाळी तिला उठवायचं, दूध, डबा. डब्यात पोळी-भाजी म्हणायची आणि द्यायचा ब्रेडला जाम. आमटी तिला आईसारखी लागायची नाही. काय घालायची ती, विचारलं तर म्हणायची, आईला माहीत. तसं सगळंच आईला माहीत. पोरीला सर्दी झाली की काय लावायचं, कुठल्या आवाजाला ती भ्यायची, झोपताना कुठली गोष्ट कुठपर्यंत सांगितली होती. ती बाई सगळं बरोबर घेऊन गेली. मला नुसती पोरगी ठेवली.

सगळ्यात अवघड केस. कमरेपर्यंत केस होते पोरीचे. बायको सकाळी तेल लावून दोन घट्ट वेण्या घालायची, शाळेच्या लाल रिबिनी. माझ्या बोटांनी पोत्याला हूक मारलाय जन्मभर, वेणी त्यांना कुठली येते. समोरची बाई काही दिवस घालून देत होती, मग तिची लेक बाळंतपणाला आली, तिला सवड राहिली नाही. मी रबर लावून पाठवायचो. उवा झाल्या. शाळेच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं. औषध लावलं, फणी घेऊन बसलो. ती रडायची, मी ओढायचो. एका रविवारी ती फणी हिसकावून म्हणाली, "काढून टाक आबा. तू काढलेस, पप्पांनी काढले. मीच राहिले."

तिच्या डोक्यात ते दहाव्यापासून बसलं होतं. मी विचार केला, खरंच आहे. मुलानं काढले, तो आईशी वर्षातून दोनदा फोनवर नीट बोलायचा. हिच्या अंगाला रोज त्या बाईचा हात लागला. मग सुतक जास्त कुणाचं?

स्टेशनजवळ न्हाव्याकडं नेली. तो म्हणाला, बाबा, पोरीचं पूर्ण? मी म्हटलं, जावळ काढतोस का नाही? तसं समज. तो म्हणाला, जावळ एक वर्षाच्या पोराचं काढतात, ही घोडी झाली. घरात विचारलंय ना? मी म्हटलं, घरात मीच आहे. मग त्यानं खुर्चीच्या हातांवर फळी टाकली, तिला बसवलं, मशीन फिरवलं. केस खाली पडत होते, ती न हलता बसली होती, देवापुढं बसतात तशी. उठल्यावर तिनं आधी स्वतःचं डोकं चाचपलं, मग हात वर करून माझं. दोन महिन्यांत माझे पांढरे खुंट आले होते. म्हणाली, "तुझं टोचतंय." आणि हसली. आई गेल्यापासून ती स्वतःहून हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

म्हणून मी ते केलं त्याचं मला वाईट वाटत नाही. कुणी काही म्हणो.

थंडी होती, उघडं डोकं गारठायचं, म्हणून घरात तिला कानटोपी घातली. दोन दिवस तिच्या मम्मीला फोनवर कानटोपीच दिसली. मी मुद्दाम लपवलं नाही, सांगायचं सुचलंही नाही. केस म्हणजे काय, येतात परत. आणि मुलाखत म्हणजे बेरीज-वजाबाकी, स्पेलिंग विचारतील असं माझ्या डोक्यात. डोकं कशाला बघतील?

मुलाखतीला मुलानं पाठवलेला टॅब टेबलावर उभा केला. पडद्यावर तीन चौकटी. एकीत गोरी बाई, गळ्यात मण्यांची माळ. एकीत सून, ड्युटीच्या कपड्यात, हॉस्पिटलातल्या कुठल्या तरी खोलीतून. एकीत आमची. मी बाजूला, पडद्यात न दिसेल असा. बाईंनी गुड मॉर्निंग केलं. पोरगी उठून उभी राहिली, आणि वर्गात टोपी चालत नाही म्हणून तिनं कानटोपी काढून ठेवली.

सुनेचा हात तोंडावर गेला.

गोरी बाई घाबरली असावी, पण तिनं दाखवलं नाही. तिनं हळू आवाजात विचारलं, बाळ, तू आजारी होतीस का? एवढं इंग्रजी मलाही समजलं. पोरगी नाही म्हणाली. मग सरळ सांगून टाकलं तिनं, तिच्या शाळेतल्या इंग्रजीत, की आई वारली म्हणून आम्ही तिघांनी काढले. आई शब्द तिनं आईच ठेवला. बाईंनी विचारलं, आई कोण?

पोरगी गोंधळली. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं. मग ती म्हणाली, "माझी."

दुसऱ्या चौकटीत सून होती आणि ऐकत होती. तिनंच मग बाईंना सांगितलं, आजी. सासू. आवाज शांत ठेवला होता तिनं, नर्स आहे, लोकांना वाईट बातम्या सांगायची सवय असते. बाईंनी पुढं चित्रं दाखवली, मोजायला लावलं, वाचायला लावलं. पोरगी फडाफड बोलली. माझ्या मते पास होती.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. पोरगी खाली खेळायला गेली होती. एरवी सून आधी विचारते, आबा जेवलात का. त्या दिवशी नाही विचारलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"उवा झाल्या होत्या. आणि तिलाच पाहिजे होतं."

"पण मला सांगायचं तरी."

मला राग आला. माझ्यावर आला, तिच्यावर आला, मेलेल्या बाईवर आला. मी म्हटलं, "तुला सांगून काय होणार होतं? तू होतीस का इथं वेण्या घालायला?"

फोन कटला असं वाटलं मला. मग ती म्हणाली, "नव्हते. म्हणूनच नेतेय. आता सप्टेंबर नको."

पुढं चार दिवसांनी शाळेचं उत्तर आलं. मुलानं मराठीत करून सांगितलं. पोरगी हुशार आहे, शाळेला घ्यायला आवडेल, पण घरात नुकताच मृत्यू झालाय आणि तिला आधी आईवडिलांजवळ रुळू द्यावं, मग तिला घेऊन प्रत्यक्ष या, तेव्हा ठरवू. गोरी बाई वाकडं काही बोलली नव्हती. त्याच्यामुळं तर भांडायलाही काही राहिलं नाही. तोवर सुनेनं शारजाच्या शाळेत जागा पक्की केलीच होती.

मी मुलाला म्हटलं, तिला समजाव, केस तर सप्टेंबरपर्यंत कानापर्यंत येतील. तो म्हणाला, "आबा, ती दोन दिवस रडतेय. ड्युटीवर पण. केसांचं नाहीये ते." मला कळत होतं केसांचं नाही ते. पण दुसरं काय धरून बोलणार होतो मी? जे खरं होतं ते बोललो असतो तर असं बोलावं लागलं असतं, की अरे, मला पाच महिने दे. बापानं पोराकडं अशी भीक मागायची आमच्यात रीत नाही. आणि मागितली असती तर त्यानं दिली असती, आणि त्याच्या बायकोचं सात वर्षांचं देणं आणखी वाढलं असतं. म्हणून गप्प बसलो.

त्यांनी मला बोलावलं नाही असं नाही. चला आबा, इथं राहा, व्हिसा काढतो. मी म्हटलं, वर्षश्राद्ध झाल्याशिवाय घराला कुलूप लावायचं नाही. ते खरंही आहे. पण मोठं खरं हे, की तिथं शाळेच्या फाटकासमोरच्या घरात दिवसभर मी खिडकीत बसणार, आणि ती पोरगी हळूहळू तिच्या मम्मीची होत जाईल ते बघणार. होईलच, व्हायलाच पाहिजे. सुनेचा हक्क आहे. तो हक्क माझ्या डोळ्यांदेखत तिनं वसूल करावा एवढं माझं मन मोठं नाही.

पोरीला सांगायचं काम माझ्यावर आलं. तिनं आदळआपट केली नाही. तिनं विचारलं, "तिकडं आईचं कोण बोलणार? मम्मीला तर आईचं काहीच माहीत नाही." मी म्हटलं, तू सांग तिला. म्हणाली, "मला तरी कुठं सगळं माहीत आहे." सात वर्षांचं लेकरू. मी उठून गॅसवर काहीतरी ठेवल्यासारखं केलं.

आता एकच काम राहिलं होतं, आणि ते इथं माझ्याशिवाय करणारं कुणी नव्हतं. इथल्या शाळेतून तिचा दाखला काढायचा. तो असल्याशिवाय तिकडची शाळा घेत नाही. म्हणजे तिला सोडवायचं ते मीच जाऊन सोडवायचं. चार दिवस मी आज गुडघा दुखतोय, उद्या शनिवार आहे करत ढकलले. मुलाचे फोन यायला लागले, आबा, पुढं त्यावर शिक्के मारायचे असतात, वेळ लागतो. मग एका सकाळी तिला शाळेत सोडायला गेलो तो तसाच ऑफिसात गेलो.

क्लार्कबाई ओळखीची. बायको फी भरायला यायची तेव्हा दोघी तासभर बोलायच्या म्हणे. तिनं कागद काढला, नाव घातलं, जन्मतारीख घातली, वर्तणूक चांगली असं लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाली, "सोडण्याचं कारण काय लिहू, आजोबा?"

"लिहा, आजी वारली."

ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, असं नाही लिहिता येत, चालत नाही ते. मी विचारलं, मग काय चालतं? ती म्हणाली, पालकांची बदली, पालकांजवळ राहण्यासाठी, असलं काही तरी. मी म्हटलं, जे चालतं ते लिहा. तिनं लिहिलं. मला सही करायला दिलं. वर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही.

शिक्का मारता मारता ती म्हणाली, एकदा दाखला दिला की सीट जाते हां, उद्या परत आणलीत तर नव्यानं ॲडमिशन घ्यावी लागेल. मी बरं म्हटलं.

बाहेर पहिल्या तासाची घंटा होऊन गेली होती. तिचा वर्ग तळमजल्यावर, खिडकी रस्त्याकडं. आत कसलं तरी गाणं चाललं होतं, सगळी पोरं हात वर करत होती, खाली करत होती. तिचं एकटीचं डोकं त्यांत लगेच ओळखू येत होतं. मी तिथं थांबलो. तिनं वळून बघितलं असतं तर मी काय तोंड केलं असतं मला माहीत नाही. तिनं बघितलं नाही. वॉचमन म्हणाला, बाबा, आत वर्ग चालू आहेत, निघा. मी निघालो.